नमुना फ्लॅटमधील आंघोळीबाबत

मी खाली सही करणारी, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, तयार कपड्यांच्या कारखान्यात फायनल चेकर, सध्या राहणार लाँड्रीच्या मागच्या भाड्याच्या दोन खोल्या, तळमजला. कायमचा पत्ता विचारला असता, त्याचाच वाद असल्यामुळे ती जागा तूर्त कोरी ठेवावी असे मी सांगितले. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, जबाब देते की,

मी वरील ठिकाणी माझे यजमान आणि सासरे यांच्यासोबत राहते. यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम करतात. सासऱ्यांना आम्ही दोघेही बाबा म्हणतो. बाबांनी एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवण्याची नोकरी केली. उभा जन्म दुसऱ्यांना वर-खाली नेण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर घरच्याच उंबऱ्याला पाय अडकून पडले. खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत असतात. जिभेला काही इजा झालेली नाही.

आमच्या सध्याच्या बाथरूमचे दार अरुंद आहे आणि आत उतरायला पायरी आहे. खुर्ची आत जात नाही. म्हणून यजमान बाबांना स्वयंपाकघरातल्या मोरीत स्टुलावर बसवून आंघोळ घालतात. आंघोळ चालू असताना बाबा डोळे मिटून घेतात. यजमानही मिटून घेतात. "दोघांपैकी एकाने तरी बघा, नाहीतर साबण भिंतीला लागेल," असे मी बाहेरून म्हणते आणि हसण्यावारी नेते. पण तेवढा वेळ घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मला ते सहन होत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले की याचा प्रकरणाशी काय संबंध. मी सांगितले की सगळा संबंध याचाच आहे, बाकीचे नंतरचे आहे.

स्वतःचे घर घ्यायचे ठरले तेव्हा बाबांनी एकच अट घातली. ते म्हणाले, "मला बाल्कनी नको, देखावा नको, वाराबिराही नको. दार लावून एकट्याला आंघोळ करता आली पाहिजे. एवढं बघा आणि मग काय ते घ्या." ही अट यजमानांना आणि मला मान्य होती. त्याप्रमाणे आम्ही सदर बांधकामाच्या ठिकाणी गेलो. इमारत तेव्हा नुसती खांबांवर उभी होती. बाजूला विक्रीचे कार्यालय होते आणि त्या कार्यालयाच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, नमुना फ्लॅट होता. तिथल्या सेल्सवाल्या मुलीने दोन गड्यांकडून बाबांची खुर्ची उचलवून आम्हाला वर नेले आणि सांगितले, "हा सॅम्पल फ्लॅट. तुमचा अगदी असाच होणार, काकू."

इथे मला आमच्या धंद्यातली पद्धत सांगणे भाग आहे. कारखान्यात कुठलाही माल सुरू करण्याआधी एक नमुना शिवतात. गिऱ्हाईक तो उलटासुलटा करून बघते, पसंत पडला की त्याला चिठ्ठी बांधून त्यावर सही करते, सील लावते. त्यानंतर तो नमुना म्हणेल ती पूर्व दिशा. पुढे कितीही शर्ट शिवा, प्रत्येक शर्टाने त्या एका शर्टाला जाब द्यायचा. काही वाद झाला तर तो मिटेपर्यंत नमुना चेकरच्या ताब्यात राहतो, कारण नमुनाच नाहीसा झाला तर खरा कोण आणि खोटा कोण हे देवालाही सांगता येत नाही. मी या पद्धतीत केस पांढरे केले आहेत. बांधकामाच्या धंद्यात अशी पद्धत नाही हे मला कोणी सांगितले नाही, आणि माझ्या मनात शंकाही आली नाही.

म्हणून मी सदर फ्लॅट कारखान्यातल्यासारखाच तपासला. भिंती बोटांनी वाजवून पाहिल्या, फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला, खिडक्या उघडून-लावून पाहिल्या. दोष दिसेल तिथे आमच्याकडे लाल बाणाचे स्टिकर लावतात, तसे मी लावले. सेल्सवाली मुलगी आधी हसत होती, नंतर तिचे हसणे कमी झाले. यजमान पलंगावर आडवे होऊन पाहत होते. त्यांचे पाय पलंगाबाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "साहेब उंच आहेत ना." यजमानांना आजपर्यंत कोणी उंच म्हटलेले नाही. ते त्या दिवशी घरी येईपर्यंत ताठ चालत होते. असल्या फ्लॅटमध्ये खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड बनवतात, हे आम्हाला नंतर समजले. मी ते यजमानांना अजून सांगितलेले नाही. या जबाबाची प्रत त्यांना देणार असाल तर हे वाक्य वगळावे.

बाबांनी टीव्ही लावायला सांगितला. तो पुठ्ठ्याचा निघाला. त्यांनी टेबलावरचे सफरचंद उचलले, तेही प्लॅस्टिकचे. बाबा म्हणाले, "एवढं खोटं आहे, तर बाथरूम तरी खरी आहे का?" मग आम्ही खुर्ची बाथरूमकडे नेली. ती एकदाही न अडकता आत गेली, आत वळली आणि तशीच बाहेर आली. बाबांनी पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने चाके फिरवून आत जाऊन पाहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझ्या लिफ्टपेक्षा मोठी आहे." बाबांच्या तोंडून कशाचीही स्तुती मी लग्न होऊन आल्यापासून फार ऐकलेली नाही. मी लगेच पिशवीतून चिठ्ठी काढली, त्यावर 'नमुना मंजूर' असे लिहून तारीख घातली, सही केली आणि बाथरूमच्या नळाला दोऱ्याने बांधली.

त्या चिठ्ठीवर साइटच्या इंजिनीअर साहेबांचीही सही आहे. या साहेबांना तिथले सगळे फ्लॅट घेणारे 'होऊन जाईल साहेब' म्हणतात, कारण त्यांना काहीही विचारले तरी ते "होऊन जाईल" असेच म्हणतात. मी त्यांना सही मागितली. त्यांनी "होऊन जाईल" म्हणत हसत हसत केली. चिठ्ठी आजही नळाला आहे.

पुढे इमारत पूर्ण झाली आणि चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या. सकाळी आम्ही तिघे गेलो. रंग चांगला होता, फरशी चांगली होती. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता. बाबा म्हणाले, "आधी माझी खोली दाखवा," म्हणजे बाथरूम. यजमानांनी खुर्ची पुढे ढकलली. ती दाराच्या चौकटीत अडकली. यजमानांनी जोर लावला तेव्हा बाबांच्या दोन्ही हातांची बोटे चौकटीला घासली आणि सोलवटली. बाबा ओरडले नाहीत. लिफ्ट भरली की बाहेर राहिलेल्यांना ज्या आवाजात "पुढच्या फेरीला" म्हणत असतील, त्या आवाजात ते म्हणाले, "मागे घ्या." मग त्यांनी हात शालीखाली घेतले. यजमान चौकटीकडे बघत उभे राहिले. मी खिडकीचा कडीकोयंडा तपासत राहिले, कारण मला त्या दोघांकडे बघायचे नव्हते.

मी तशीच इंजिनीअर साहेबांकडे गेले आणि विचारले की नमुन्यात खुर्ची आत गेली, इथे का जात नाही. त्यांनी सांगितले, "अहो, सॅम्पल फ्लॅटला आतली दारंच नाहीत ना. चौकट नाही, दार नाही. दारं लावली की खोल्या लहान दिसतात. सगळीकडे तसंच करतात." मी वर जाऊन खात्री केली. मुख्य दार सोडले तर त्या फ्लॅटला एकही दार नव्हते.

माझे काम असे आहे की शर्टाचे एक बटण नसेल तर मला न बघता, नुसत्या हाताला कळते. त्या मी अख्खा फ्लॅट तपासला, भिंतीवरच्या केसाएवढ्या चिरेला बाण लावला, आणि घराला दारे नाहीत हे मला दिसले नाही. बटण नसले तरी काज असते, ते ओरडून सांगते. दाराचे काज कसे असते ते मला माहीत नव्हते. यजमान चष्म्याचे काम करतात, त्यांनाही दिसले नाही. कारखान्यात हे कळले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तरी खरे ते सांगत आहे.

त्यानंतर मी आठवडाभर रोज इंजिनीअर साहेबांना दार रुंद करून देण्याविषयी भेटले. दर वेळी "होऊन जाईल" असे उत्तर मिळाले. शेवटी कार्यालयातून लेखी आले की नमुना फ्लॅट हा केवळ कल्पना येण्यासाठी असून प्रत्यक्ष घर त्याला बांधील नाही. म्हणजे आमच्या भाषेत, शर्ट दाखवायला होता, घालायला दुसरा मिळेल. मग मला सेल्सवाल्या मुलीकडून समजले की सोमवारपासून नमुना फ्लॅट तोडणार आहेत आणि पुढच्या इमारतीसाठी नवा बनवणार आहेत. ती मुलगी वाईट नाही. तिने हे मला हळू आवाजात सांगितले.

नमुना तोडला की माझी चिठ्ठी गेली, आणि चिठ्ठी गेली की मी खोटी. म्हणून आज, शनिवारी सकाळी, मी, यजमान आणि बाबा असे तिघे सदर ठिकाणी गेलो. सेल्सवाल्या मुलीला सांगितले की शेवटचे एकदा बघायचे आहे. तिने गड्यांकडून खुर्ची वर आणवली आणि स्वतः दार उघडून दिले. तेवढ्यात खालून बांधकामाच्या मालकांनी हाक मारली म्हणून ती गेली. किल्ली दाराला तशीच होती. कुलूप तोडल्याचे मालकांनी फिर्यादीत लिहिले आहे, ते धादांत खोटे आहे. मी आतून कडी लावली आणि खिडकीतून खाली सांगितले, "वाद मिटेपर्यंत नमुना माझ्या ताब्यात आहे." यात मी काही वेगळे केले असे मला तेव्हा वाटले नाही. कारखान्यात मी हे नेहमी करते.

वर कोणी आले नाही, म्हणून काही वेळ आम्ही नुसते बसून होतो. यजमान पलंगावर बसले होते. मग बाबा म्हणाले, "सूनबाई, ताब्यात घेतलंय ना? मग वापरून बघू. मी आंघोळ करतो."

मी म्हणाले, "बाबा, नळाला पाणी नाही. शोभेचा आहे."

"म्हणजे तिकडे पाणी आहे तर खुर्ची जात नाही, इकडे खुर्ची जाते तर पाणी नाही. दात आहेत तर चणे नाहीत. पाणी मागव."

यजमान म्हणाले, "बाबा, राहू द्या. इथे कुठे आंघोळ करता."

बाबा म्हणाले, "तू गप्प बस. तुझ्या हातची पुष्कळ झाली." ते रागाने म्हणाले नाहीत. यजमान मान खाली घालून उभे राहिले, आणि मला त्यांचे वाईट वाटले. मग तेच खाली गेले आणि सेल्सवाल्या मुलीकडे पाणी मागितले. येणाऱ्या गिऱ्हाईकांना पाणी विचारण्याची त्या कार्यालयात पद्धत आहे. यजमानांनी मोठा जार मागितला. तिने दिला. तो यजमानांनी वर आणून शोभेच्या बादलीत आणि टबात ओतला. बादली गळत नव्हती, हे तिथले एक खरे.

बाथरूमला दार नसल्यामुळे बाबांनी आम्हा दोघांना फ्लॅटच्या बाहेर जायला सांगितले. आम्ही बाहेर आलो. बाबांच्या सांगण्यावरून मी मुख्य दार ओढून बाहेरून लावले आणि किल्ली हातात ठेवून जिन्याजवळ उभी राहिले. आत काय झाले ते मी पाहिलेले नाही. ऐकले ते एवढेच. आधी खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही, तेव्हा यजमानांनी दाराकडे हात नेला आणि मी तो धरला. मग तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला. पुन्हा आला. त्यानंतर बाबा मोठ्याने म्हणाले, "तळमजला!" आणि आणखी पाणी ओतले. मग पहिला मजला झाला, दुसरा झाला. यजमान जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

बाबा सातव्या मजल्यापर्यंत पोचले असतील तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला. नमुना फ्लॅटच्या बाथरूमला पाणी जायला खाली पाइपच जोडलेला नाही, हे आम्हाला माहीत नव्हते. जाळी नुसती फरशीवर बसवलेली होती. फ्लॅट तपासताना पाणी ओतून बघायचे माझ्याकडून राहिले होते, ती तपासणी बाबांच्या हातून पूर्ण झाली. बाथरूमच्या बरोबर खाली कार्यालयातले ते मोठे टेबल आहे, ज्यावर सगळ्या इमारतींची छोटी प्रतिकृती मांडलेली असते, झाडे, गाड्या आणि बागेत फिरणाऱ्या बोटभर माणसांसकट. पाणी त्यावर पडले. डिंक सुटला. माणसे वाहून टेबलाच्या कडेला जमा झाली आणि आमची इमारत चौथ्या मजल्यापासून उकलली. त्या वेळी मालक नव्या गिऱ्हाईकांना "आमच्या बांधकामात गळती हा प्रकारच नसतो" असे सांगत होते, असे सेल्सवाल्या मुलीने मला नंतर सांगितले. मी स्वतः ते ऐकलेले नाही. ऐकायला आवडले असते.

मालक, इंजिनीअर साहेब आणि नंतर आपल्या ठाण्याचे दोन शिपाई वर आले. मालकांनी मला दार उघडायला सांगितले. मी सांगितले की आत आंघोळ चालू आहे. शिपायांपैकी एकाने दार वाजवले. आतून बाबा म्हणाले, "थांबा, अंग पुसतोय." त्यावर तो शिपाई म्हणाला, "बरं, होऊ द्या सावकाश." सगळे जिन्यात उभे राहिले. इंजिनीअर साहेबांनी मालकांना काहीतरी सांगायला सुरुवात केली. मालक त्यांना म्हणाले, "तुम्ही होऊन जाईल म्हणू नका." मग बाबांनी आतून हाक मारली, "उघड, सूनबाई." मी उघडले. बाबांनी भांग पाडला होता. सदऱ्याची बटणे वरखाली लागली होती, पण मी हात लावला नाही. शोभेचा साबण वापरल्याचे त्यांना मान्य आहे. शोभेचा टॉवेल मात्र पुढून टॉवेल आणि आतून पुठ्ठा निघाला, म्हणून त्यांनी माझी ओढणी वापरली.

ठाण्यात आल्यावर मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, म्हाताऱ्या माणसाचं नाव कशाला गोवता? तुम्ही लिहून द्या की साफसफाई करताना तुमच्या हातून बादली कलंडली. मी फिर्याद मागे घेतो आणि तुमचं दारही मोठं करून देतो." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण दार मोठे होणार होते. मी हो म्हणाले. मला बाबांची आंघोळ पाहिजे होती, ती कोणाच्या खोटेपणातून मिळते याच्याशी मला देणेघेणे नव्हते. मी जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांना तसे सांगायला सुरुवात केली आणि साहेबांनी तसे लिहायला सुरुवात केली. वर खोडलेली ओळ ती आहे.

बाबा मागेच होते. ते खुर्ची पुढे आणून म्हणाले, "हिने काही केलेलं नाही. आंघोळ मी केली."

साहेब म्हणाले, "आजोबा, तसं लिहिलं तर नुकसान तुमच्या नावावर येईल."

"येऊ द्या."

"सुनेनं पाणी घातलं असेल, मुलानं धरलं असेल, तेही लिहितो. सगळ्यांच्यात वाटलं जाईल."

"कोणी धरलं नाही. कोणी घातलं नाही. पाणी आणून दिलं तेवढं दिलं. मी एकट्यानं केली. नीट लिहा, एकट्यानं."

मालक म्हणाले, "मग दाराचं विसरा."

बाबा म्हणाले, "विसरलो." मी बाबांच्या हातांकडे पाहिले. बोटांवरच्या खपल्या पाण्याने मऊ झाल्या होत्या. मला माझी लाज वाटली आणि त्यांचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम. त्यामुळे मी माझे आधीचे म्हणणे मागे घेतले.

त्यावर साहेबांनी मालकांना सांगितले की, फिर्याद नुकसानीची आहे, तेव्हा पाणी कुठून आणि कसे खाली आले याचा पंचनामा करावा लागेल, पाइप का नव्हता तेही बघावे लागेल, आणि तोपर्यंत तो फ्लॅट आहे तसा राहील, एक वीटसुद्धा हलवायची नाही. मालकांनी विचारले, "सोमवारी तोडायचा आहे, त्याचं काय?" साहेब म्हणाले, "आता कसला तोडताय? सील लागणार." मालक फिर्याद मागे घेण्याविषयी बोलू लागले. बाबा म्हणाले, "कशी मागे घेता? मी कबूल केलंय." नमुन्याला सील लागणार हे ऐकून मला कामावर आल्यासारखे वाटले. नळाला बांधलेली चिठ्ठी पंचनाम्यात दोन्ही सह्यांसकट नोंदवावी अशी माझी विनंती आहे.

माझा कोणावर राग नाही, फक्त मालक, इंजिनीअर साहेब आणि ज्याने तो पलंग बनवला त्याच्यावर आहे.

वरील जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे. माझ्या सासऱ्यांनी "एकट्याने" हा शब्द असलेला भाग पुन्हा वाचायला सांगितला, म्हणून तो पुन्हा वाचला. त्यांना कमी ऐकू येत नाही, तरी त्यांनी तो आणखी एकदा वाचायला सांगितला. साहेबांनी वाचला. तोही बरोबर आहे.